ट्रायलच्या आधीच्या पूजेत ग्लोव्हले लावलेलं कुंकू

हे आत्ताच सांगून टाकते, जेवण नंतर. सकाळी भारताच्या मुलींच्या बेसबॉल टीमची यादी आली अन् तिच्यात माह्या हॉस्टेलच्या रूमपार्टनरचं नाव आहे. पांढरकवड्याजवळची पोरगी भारताकडून खेळणार. सगळे मलेच पेढे मागून राह्यले, अन् मले आठवून राह्यलं का दोन वर्षांआधी मीच तिचं सगळं बुडवलं असतं.

तिच्या बाबाचं हायवेवर ट्रकच्या टायर-पंक्चरचं दुकान आहे. लहानपणी ती बाभळीले जुनं टायर टांगून त्याच्या मधून गोटे फेकत होती, तेही डाव्या हातानं. मले हे नंतर समजलं. आधी समजलं ते हॉस्टेलच्या गच्चीवर. माकडानं माही ओढणी पाण्याच्या टाकीवर नेली, मी नुसती ओरडून राह्यली, अन् हिनं पायातली चप्पल काढून अशी भिरकावली का माकडाच्या बाजूले टाकीवर ढण्णकन आवाज झाला. माकड पळालं, ओढणी खाली. खालून आमचे खेळाचे सर जाऊन राह्यले होते.

"चप्पल कोणी फेकली?"

"मी, सर. पण माकडाले नाही लागली."

"उद्या सकाळी सहाले मैदानावर ये."

"शिक्षा आहे का, सर?"

"शिक्षाच समज."

तवापासून ती पिचर, म्हंजे बॉल टाकणारी. मी कॅचर, बॅटवालीच्या मागं उकिडवी बसून तिचे बॉल झेलणारी. यवतमाळले लोहाऱ्याच्या एमआयडीसीमागच्या मोकळ्या जागेत आमची प्रॅक्टिस. पहिल्याच महिन्यात माह्या तळहाताचं भरीत झालं. दुसऱ्या वर्षी कॉलेजच्या मॅचमंधी तिच्या बॉलले बॅट लावणं कोणाले जमेना. मंग राज्याच्या टीमची ट्रायल यवतमाळलेच ठरली, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. तिच्या बाबानं साफ सांगितलतं, यंदा नाव आलं तं खेळ, नाही तं खेळ बंद अन् मावशीकडं नागपूरले राहून नर्सिंगचा कोर्स.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडे नवमी. आमच्या घरी उमरखेडले त्या दिवशी बाबा ट्रॅक्टर धुतात, आई शिलाई मशीनले हार घालते. मी हॉस्टेलवर होती, म्हटलं आपलं हत्यार काय? बॅट, बॉल, माहा तोंडावरचा जाळीचा मास्क अन् तिचा ग्लोव्ह. ती आंघोळीले गेलती तेवढ्यात मी सगळं पाटावर मांडलं, झेंडू ठेवला, हळद-कुंकू वाह्यलं. पण कोरडं कुंकू चामड्यावर टिकेना. मंग मी ते खोबऱ्याच्या तेलात कालवलं अन् ग्लोव्हच्या आत, जिथं बॉल बसते बरोबर तिथंच, मोठं स्वस्तिक काढलं. ती आली, नमस्कार केला.

"भारी काढलं वं," म्हणे.

पूजेले ठेवलेल्या हत्याराले दसरा होईपर्यंत कोणी हात लावत नाही. म्हणून ग्लोव्ह पाटावरून उठला तो सीधा ट्रायललेच.

पहिल्या बॅटवालीले तिनं तीन बॉलात परत पाठवलं. माह्या मागं अंपायर मॅडम उभ्या होत्या, निवडही त्याच करणार होत्या. दुसरी बॅटवाली आली, बॉल माह्या हातात आला, तं त्याच्यावर लाल डाग. मी चुपचाप मांडीले पुसला.

"दाखव तो बॉल," मॅडम म्हणाल्या. "रक्त आहे का?"

"नाही मॅडम. कुंकू."

"बॉलला कुंकू?"

"ग्लोव्हले. खंडे नवमीचं. तेलातलं."

तेलातलं म्हणायची काहीच गरज नव्हती.

मॅडमनं खेळ थांबवला. पिचरच्या ग्लोव्हले काहीच लावायचं नाही असा नियमच आहे, कारण बॉलची पकड बदलते. "पाच मिनिटं देते," म्हणाल्या. "दुसरा ग्लोव्ह आणा, नाहीतर मी पुढची पिचर बोलावते."

आता आली पंचाईत. ती डावखोरी, डाव्या हातानं फेकते, म्हणून तिचा ग्लोव्ह उजव्या हाताचा. तसा ग्लोव्ह अख्ख्या मैदानात एकच होता, कुंकवाचा. मी तो ओढणीनं घासला, मातीनं घासला, तं स्वस्तिक गेलं अन् पूर्ण ग्लोव्हच लाल झाला. मले रडू आलं.

"माह्यामुळं झालं वं."

"तुह्यामुळंच झालं," ती म्हणे. "आता रडू नको, मास्क ओला होईन. कोणाचाही ग्लोव्ह आण, जा."

मी आमच्या एका फिल्डरचा आणला, डाव्या हाताचा. तिनं तो उजव्या हातात उलटाच चढवला, करंगळीच्या जागी अंगठा. पंजा खेकड्यासारखा दिसून राह्यलता.

"याच्यानं झेलशीन कशी?"

"झेलाचं कायले? त्याइले मारूच नाही देत."

खरंच दोघींले मारू दिलं नाही. पण त्याच्या पुढच्या पोरीनं बॉल जमिनीवरून सरळ हिच्याकडंच मारला. हा सुटला का सगळं गेलं. हिनं तो उलटा ग्लोव्ह झटकून खाली टाकला, उघड्या डाव्या हातानं बॉल उचलला अन् तसाच पहिल्या बेसवर फेकला. बॅटवालीले बॉलच्या आधी तिथं पोचाचं असते, ती दोन पावलं कमी पडली. आउट.

"उघड्या हाताने बॉल धरायचा नाही, बोटं मोडतील," मॅडम तिच्यावर खेकसल्या अन् वहीत काहीतरी लिहिलं. मी मान वळवून वाचायले गेली.

"पुढे बघ, कॅचर."

दुपारी नावं वाचली. सगळी संपत आली तरी हिचं येईना. मी तिचा हात इतका दाबला का ती म्हणे, "सोड, हाच हात लागते मले." शेवटून दुसरं नाव तिचं होतं. माहं नव्हतंच, पण ते मले रूमवर गेल्यावर ध्यानात आलं. तिनं बाबाले फोन लावला, "नर्सिंग राहू द्या," एवढंच बोलली अन् मंग खाली बसून रडली.

तिथून राज्य, राज्यातून नॅशनल, अन् आज ही यादी. आत्ता फोनवर मी तिले विचारलं, तवा तुले माहा राग नव्हता आला काय वं?

"आलता ना. ट्रायल झाली का तुले मारणार होती. पण नाव आलं, त्या गडबडीत राहून गेलं."

तुमच्यासंगही झालं का असं? कोणाचं चांगलं व्हावं म्हणून हौसेनं काहीतरी करायले गेले अन् त्यालेच गोत्यात टाकून बसले? सांगा ना, का मी एकटीच अशी आहे?