मुदत संपायच्या आत

बोम्मसंद्रात वासंतीची शिवणकामाची शेड आहे. नऊ मशिनं, अकरा बायका आणि कारखान्यांचे गणवेश. घराणं पिढ्यान्‌पिढ्या बंगळुरातलं. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड. काम चोख, जीभ गोड, पण स्वतःचे पैसे मागायचे म्हटलं की ती विषय उद्यावर ढकलायची.

बावीस सालच्या ऑगस्टात तिने होसकोटेच्या एका खोक्यांच्या कारखान्याला चारशे ऐंशी गणवेश दिले. बिल चार लाख बत्तीस हजारांचं. मालक गुरुप्रसाद बोलायला सज्जन. फोन केला की म्हणायचा, "मुंदिन वार नक्की, अक्का." तो पुढचा आठवडा काही उगवत नसे. वासंती 'सरी', म्हणजे 'बरं', म्हणून फोन ठेवायची. बायकांची मजुरी थांबवणं तिच्या जिवावर आलं. तिने चार बांगड्या बँकेत गहाण ठेवल्या आणि कुणाला कळू नये म्हणून लांब बाह्यांचे ब्लाउज घालायला लागली.

ते खालच्या मजल्यावरच्या वसुमतीअक्कांच्या नजरेतून सुटलं नाही. अक्का कोर्टात शिरस्तेदार होत्या, निवृत्त झाल्या तरी नजर तीच.

"हात मोकळे का गं तुझे?"

वासंतीने टाळाटाळ केली, मग सगळं सांगितलं. अक्कांनी एकच विचारलं, "माल पोचला ती तारीख?"

"तेरा ऑगस्ट, बावीस."

"आज बावीस जुलै, पंचवीस साल. बरोबर बावीस दिवस उरलेत. तीन वर्षं उलटली की दावा लावता येत नाही, ठाऊक आहे?"

"पण अक्का, तो नाही कुठे म्हणतोय?"

"तोंडाने हो म्हणतो. तोंडच्या होकाराने मुदत वाढत नाही. सही करून लिहून देऊ दे, नाहीतर दावा लावायचा. ऊठ, उद्या सकाळी जायचं."

दुसऱ्या दिवशी अक्कांनी तिला इंदिरानगरला अनुषा वकिलांकडे नेलं. मुलगी चटपटीत. माल पोचल्याच्या चलनावर कारखान्याचा शिक्का पाहून म्हणाली, "हे जपून ठेवलंत, फार बरं केलंत." नोटीस त्याच दिवशी गेली आणि दाव्याचे कागदही तयार व्हायला लागले.

आठवड्याने वासंती होसकोटेला गेली. सोबत आलेल्या अक्का शेजारच्या खुर्चीत बसल्या. गुरुप्रसाद उतरल्या चेहऱ्याने वासंतीला म्हणाला,

"अक्का, एकदम नोटीस? रागावलात का?"

वासंतीने बिल त्याच्यापुढे सरकवलं. "रागावले नाही. पण माझ्या बायकांची मजुरी मी बांगड्या ठेवून दिली, गुरुप्रसाद."

त्याने हातातली नोटीस टेबलावर ठेवली. मग हळूच म्हणाला, "खरं सांगू? जे दारात येऊन बसले, त्यांना मी दिले. तुम्ही 'सरी' म्हणायचात, म्हणून तुम्हाला मागे ढकलत गेलो. चूक माझी."

त्याने कारखान्याच्या कागदावर लिहून दिलं: इतकी रक्कम देणं बाकी आहे. खाली सही, तारीख, शिक्का. सोबत पन्नास हजारांचा चेक. रस्त्यावर आल्यावर अक्का म्हणाल्या, "आता आजपासून नवी तीन वर्षं." वासंतीने तिथेच, बसथांब्यावर, त्यांचे पाय धरले. "अगं, लोक बघतायत!" अक्का पुटपुटल्या, पण हात मात्र तिच्या डोक्यावर ठेवलाच.

डिसेंबरात गुरुप्रसाद धंद्यातून बाहेर पडला आणि सगळा कारभार त्याच्या भागीदाराकडे गेला. भागीदाराच्या हिशेबनिसाने कळवलं, बावीसची बिलं मुदतबाह्य. अनुषाने ते सहीचं पत्र पुढे केलं आणि दावा लावायची तयारी कळवली. मार्चपर्यंत उरलेली रक्कम दोन हप्त्यांत जमा झाली. त्याच कारखान्याला दोऱ्या पुरवणारे सुधींद्र मात्र तोंडच्या शब्दावर थांबले होते. त्यांचे बुडाले.

बांगड्या सोडवून वासंती पेढे घेऊन अक्कांकडे गेली. तिथून तिने गुरुप्रसादलाही फोन लावला.

"कशाला गं त्याला?" अक्का म्हणाल्या. "तीन वर्षं रडवलं त्याने."

"रडवलं, अक्का. पण त्या दिवशी अजून थोडे दिवस टोलवलं असतं, तर मला कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या असत्या. त्याने सही दिली."

पलीकडून आवाज आला तशी ती म्हणाली, "गुरुप्रसाद, पैसे मिळाले हं सगळे. तुम्ही लिहून दिलंत, म्हणून मिळाले. कुटुंबाला घेऊन या एकदा, जेवायलाच या."