कुलपातली हाक

वच्छलाला देवाने रूप बेताचंच दिलं, पण गळा देताना हात आखडला नाही. मूर्तिजापूरकडे तिच्या माहेरी ज्वारीची राखण तिच्याकडे असायची. बाकीच्या पोरी गोफण फिरवून दमायच्या. ही नुसती माळ्यावर उभी राहायची, छाती भरून एक हाळी द्यायची आणि शेजारच्या वावरातली पाखरंसुद्धा उठायची. आपण बायकोला पाहायच्या आधी ऐकलं, असं तिचा नवरा भगवंत पुढे आल्यागेल्याला सांगत असे.

त्यांच्या लग्नानंतरच्या वर्षांत कापसाने सगळ्या वऱ्हाडाला नागवलं होतं. भगवंतने वेळीच शहाणपणा केला. विहिरीलगतचा कापूस मोडला आणि वांगे, भेदरे, सांभार लावला. भेदरे म्हणजे टमाटे आणि सांभार म्हणजे कोथिंबीर. पुण्याकडच्या मंडळींनी उगाच वाटी घेऊन धावू नये. अकोल्याच्या जुन्या शहरात त्यांनी एक खोली घेतली. मळ्यातला माल भगवंत आणायचा आणि वच्छला हातगाडीवर घालून मोर्णा नदीवरचा पूल ओलांडून मास्तर कॉलनीत विकायची. "वांगे घ्या वो बाई, भेदरे घ्या, सांभाराची जुडी घ्या!" अशी हाक आली की आशाबाईंसारख्या बाया हातातलं काम टाकून फाटकाशी यायच्या. हाकेत असा काही जिव्हाळा होता की घरात भाजी असली तरी माणूस बाहेर येई.

एका उन्हाळ्यात तिचा गळा साफ बसला. खोलीच्या गल्लीतच नगमाचं दुकान होतं. मोबाईलमध्ये गाणी भरून देणं हा तिचा धंदा. नगमा म्हणाली, "रोज कायकू गला फाडती, वच्छलाबाई? एक बार बोल दो, मशीन बोलेगी." गळा सुटल्यावर वच्छला दुकानात जाऊन मनापासून बोलली. नगमाने ती हाक एका पेन ड्राइव्हमध्ये भरली, भगवंतने भोंग्याचं मशीन आणलं, आणि गाडी आपली आपण बोलायला लागली.

पेन ड्राइव्ह हातात ठेवताना नगमाने बजावलं होतं. मशीन बंद केल्याशिवाय ओढायचा नाही, पाणी लागू द्यायचं नाही, धूळ लागू द्यायची नाही, ज्याच्यात्याच्या कम्प्युटरात खुपसायचा नाही. "एक कापी मेरे पास रहेगी," ती म्हणाली. "चीज एकही जगह रखी तो गई समझो." वच्छलाने ते सगळं अंगाऱ्यासारखं कपाळी लावलं. खणाच्या तुकड्याची थैली शिवली, तिला नाडी लावली. पावसाळ्यात तो थैलीसकट बियाण्याच्या कोरड्या डब्यात जायचा. बाळंतिणीने तान्ह्याला जपावं तसं ती त्याला जपायची, आणि भगवंत तिला त्यावरून चिडवायचा.

मग भगवंतला कावीळ झाली आणि चांगला माणूस हां हां म्हणता गेला.

त्याचा धाकटा भाऊ गोपाल तोवर मळ्यावर नुसता हजर असायचा. काम करणाऱ्याच्या सावलीत बसणं एवढंच त्याला जमत होतं. भगवंतने एकदा त्याला, वजन हलकं करायला तराजूच्या मापांच्या बुडातलं शिसं खिळ्याने कोरताना पकडून झोडला होता. तोच गोपाल तेरवीचे पाहुणे पांगल्यावर घरधनी झाला. मळा आमच्या बापाचा, खोली आमची, गाडी आमची, असं म्हणून त्याने वच्छलाची पेटी गल्लीत ठेवली आणि बायकोला, वर्षालीला, खोलीत आणलं. वच्छला पेटीवर बसून राहिली. रडली नाही. आत्ता रडलो तर हा जिंकला, एवढंच तिच्या मनात होतं. नगमाने तिला आपल्या घरामागची पडवी राहायला दिली.

पेटीत थैली होती. थैलीत पेन ड्राइव्ह मात्र नव्हता.

ती मेल्यासारखी पडून राहणारी बाई नव्हती. तिने बाजारातून माल उचलला, टोपली डोक्यावर घेतली आणि मास्तर कॉलनीत जाऊन हाक दिली. आशाबाई फाटकाशी आल्या नाहीत. तिने पुन्हा हाक दिली. तेव्हा आतूनच उत्तर आलं, "घेतली ना वो वच्छला तुह्याजवळून आताच! किती डाव येशील?"

वच्छला जागच्या जागी थिजली. पुढच्या गल्लीतून तिचाच आवाज येत होता. वांगे घ्या वो बाई, भेदरे घ्या. तिच्याच गळ्याने तिच्या तोंडचा घास पळवला होता. दारोदार तेच झालं. वळणापलीकडे गोपाल गाडी ढकलत होता, आणि बाया फाटकात आल्यावर "वयनी मळ्यात हाय, मले पाठवलं" असं तोंड वर करून सांगत होता.

ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. "गोपाल, माहा आवाज बंद कर."

गोपाल खिशातून तंबाखू काढून चुना मळत राहिला. "तुमी कोठी बोलून राहिल्या, वयनी? तुमी तं चूप उभ्या आहा. मशीन बोलून राहिलं." आणि स्वतःच्या हजरजबाबीपणावर खूश होऊन हसला.

तिचं डोकं सणकलं. तिने मशीनकडे हात टाकला, पण गोपालने तिला ढकललं आणि ती टोपलीसकट रस्त्यावर पडली. पडल्या पडल्या तिला गाडीवर आडवं पडलेलं किलोचं माप दिसलं. बुडाशी शिशाच्या जागी खड्डा होता. भगवंत गेल्यावर मापं पुन्हा कोरली गेली होती तर. दारोदार सांगत फिरावं तर दीर-भावजयीचं भांडण म्हणून बाया सोडून देतील. पसरलेले भेदरे वेचताना तिने ठरवलं की याला सोडायचा नाही. कसं ते ठाऊक नव्हतं, पण सोडायचा नाही.

गोपालही घाबरला असावा. दुसऱ्याच आठवड्यात त्याने वेल्डरकडून लोखंडी जाळीची पेटी करून घेतली. मशीन, बॅटरी, भोंगा, सगळं तिच्यात. पेटी गाडीला पक्की जोडलेली आणि तिला हे एवढं कुलूप. सकाळी घरी मशीन चालू करायचं, कुलूप घालायचं आणि चावी वर्षालीच्या कमरेला. चावी जवळ ठेवली तर वच्छला चारचौघांत हिसकावेल, ही त्याची धास्ती. आपल्या अकलेवर तो बेहद्द खूश होता.

अकलेत एकच कमी होती. पेन ड्राइव्ह जपायचा असतो हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं, आणि सांगणारीला त्याने हाकलून दिलं होतं. चोराचिलटांपासून तो राखत होता, स्वतःपासून नाही. चालू मशीनमधून ओढून काढायचा, तंबाखू-चुन्याच्या खिशात टाकायचा, फुकटची गाणी भरायला मिळेल त्या कम्प्युटरात खुपसायचा. व्हायचं तेच झालं. पेन ड्राइव्हच्या तोंडात चुना बसला, आत व्हायरस शिरला, आणि एका सकाळी मशीन मुकं झालं. गोपालने स्वतःच्या तोंडाने हाका मारल्या. त्या घोगऱ्या आवाजाला एक फाटक उघडलं नाही. वांगी सुकली, सांभार पिवळा पडला, आणि तो पडेल चेहऱ्याने नगमाच्या दुकानात आला. "उद्या ये," एवढंच नगमा म्हणाली.

तो गेल्यावर तिने पडवीत येऊन वच्छलाला सांगितलं, "तुम्हारी हाक मेरे पास है. तुम बोलो तो मिटा देती. मग तो जन्मभर मुका."

 वच्छलाच्या डोळ्यांपुढे गल्लीत ठेवलेली आपली पेटी आली. ती म्हणाली, "नाई. दे त्याले. पण मले अजून बोलायचं हाय."

नगमा समजली, आणि दचकलीही. "दुकान का नाम है मेरा. झूठ एक अक्षर नहीं भरूंगी. गाली भी नहीं."

वच्छला दुकानात बसून बोलली. पहिल्या दमात तिने गोपालच्या सात पिढ्या काढल्या. नगमाने ते सगळं पुसायला लावलं. दुसऱ्या दमात खरं तेवढंच बोलली, पण शेवटी तोंडातून निघूनच गेलं, "तुही वाचा बसो, गोपाल!" नगमाने तेवढंही कापलं. वच्छला चरफडली. सगळ्यांत मनापासून तेवढंच बोलली होती ती.

दुसऱ्या दिवशी गोपाल आला. नगमाने नवा पेन ड्राइव्ह लावून हाक ऐकवली. तीच हाक, खणखणीत. गोपालचा जीव भांड्यात पडला. "आता असं कर, कोणाच्या बापाले यातलं पुसता नाई आलं पाह्यजे."

"याला बाजूला खटका आहे," नगमा म्हणाली. "खाली केला की काही पुसत नाही, काही नवीन भरत नाही."

गोपालने खटका खाली केला. तरी त्याचं समाधान होईना. समोरच्या दुकानातून फेविक्विक आणून त्याने खटक्यावर थेंब सोडला आणि फुंकर मारून वाळवला. नगमा मान खाली घालून बसली होती. हसू येत होतं आणि भीतीही वाटत होती, असं तिने मागून सांगितलं.

त्याच्या दुसऱ्या सकाळी वच्छला आधीच जाऊन आशाबाईंच्या फाटकाशी टोपली घेऊन बसली. पुलावरून गाडी आली. वांगे घ्या वो बाई, भेदरे घ्या. खोलीपासून कॉलनीपर्यंत पुरेल इतकी जुनी हाक नगमाने सुरुवातीला भरली होती. गाडी आशाबाईंच्या फाटकाशी थांबली, चार बाया जमल्या, गोपालने तराजू उचलला आणि हाक बदलली. चाल तीच, गोडवा तोच.

"ऐका वो बाई, ऐका! मी वच्छला बोलून राहिली. मी मळ्यात नाई. माह्या नवऱ्याच्या तेरवीले या गोपालनं माही पेटी भायेर फेकली. मळा माह्या घामाचा, गाडी माह्या घामाची, हा आवाजबी माहा, अन् चोरलेला. खोटं वाटत असंन तं किलोचं माप पालथं करून पाहा वो बाई, बुडातलं शिसं कोरलं हाय!"

गोपालच्या हातातून तराजू सुटला. आशाबाईंनी माप उचललं, पालथं केलं, खड्ड्यात बोट घालून पाहिलं आणि शेजारणीच्या हातात दिलं. नगमाने हे नवं बोलणं मागे एकामागून एक कित्येकदा भरून ठेवलं होतं, ते पुन्हा सुरू झालं. ऐका वो बाई, ऐका. गोपालने जाळीत बोटं घातली, ती आत जाईनात. कुलपावर दगड घातला. वेल्डरने काम चोख केलं होतं. त्याने पेटीवर पोतं टाकलं, तर एका म्हातारीने ते ओढून काढलं. "राहू दे, आमाले ऐकू दे." गल्ली भरून गेली. जिने गोपालकडून भाजी घेतली होती ती प्रत्येक बाई आपापलं वजन आठवत होती, आणि आठवेल तसा तिचा आवाज चढत होता.

गोपाल घामाघूम होऊन वच्छलापुढे आला, हात जोडून. "वयनी, पाया पडतो, बंद करा वो!"

वच्छलाला हाच क्षण हवा होता. रोज रात्री तिने तो मनात घोळवला होता. ती बसल्या जागेवरून म्हणाली, "मी कोठी बोलून राहिली, गोपाल? मी तं चूप बसली आहो. मशीन बोलून राहिलं."

चावी खोलीत, वर्षालीच्या कमरेला. गाडी इथे सोडून जावं तर बाया तिचं काय करतील याचा भरवसा नाही. शेवटी त्याने गाडी वळवली आणि पळत सुटला. पुलावरून, भाजीबाजारातून, ओळखीच्या सगळ्या दुकानांपुढून, आणि गाडी दर दुकानाला सांगत गेली, ऐका वो बाई, ऐका.

आशाबाईंनी टोपलीतली वांगी निवडायला घेतली. निवडता निवडता त्या म्हणाल्या, "झालं ना वो आता मनासारखं? शांत हो बरं."

"नाई झालं," वच्छला उठली. "टोपली पाहजा जरा. एक गोष्ट राहिली."

ती झपाझपा पुलाशी गेली. पलीकडच्या काठाला गाडी जुन्या शहराच्या चढाला लागली होती, मागे पोरांची झुंड. कठड्याला धरून ती उभी राहिली, माहेरच्या माळ्यावर राहायची तशी. छाती भरून घेतली आणि नगमाने कापलं होतं तेवढं स्वतःच्या गळ्याने दिलं.

"तुही वाचा बसो, गोपालऽऽ!"

पुलाखालची सगळी कबुतरं उठली, आणि चढावर गोपालने मागे वळून पाहिलं.