आतून कडी

आमच्या छबूमावशीच्या घराला दार नाही. यावरून कुणाला गरिबीची शंका येईल, पण तसं काही नाही. चार एकर ऊस आहे, रस्त्याला लागून तेलाचं आणि रुईच्या हारांचं दुकान आहे, दारात ट्रॅक्टर उभा असतो. दारात म्हणजे दार नसलेल्या दारात. मावशीचं सासर शनिशिंगणापूर. तिथं घराला चौकट असते, चौकटीला पडदा असतो आणि कुत्री शिरू नयेत म्हणून रात्री आडवी फळी लावतात. राखणीला देव बसलाय, मग कुलपाचं काय काम, असा सरळ मामला. अलीकडं गावात काहींनी दारं बसवून घेतली आहेत. त्यांच्या घरावरून जाताना मावशी मान फिरवून चालते.

मी तिच्या बहिणीचा मुलगा, समर्थ. नगरला सावेडीत राहतो. माझ्या फ्लॅटला आधी लोखंडी जाळी, जाळीला कुलूप, मग दार, दाराला लॅच आणि आतून आणखी एक कडी. मावशी कधी आली की या सगळ्यातून आत येईस्तोवर तिचं एकच वाक्य असतं, "का रं, तुरुंगात ऱ्हातो व्हय?"

दार नसण्याचा तिला भारी अभिमान. दर्शनाला आलेली मंडळी तिच्या घरासमोर थांबतात, चौकटीकडं बघतात आणि विचारतात, "खरंच दार नाही का हो?" मावशी हातातलं काम टाकून उठते. "या की, बघा की," म्हणत पडदा स्वतः बाजूला करते. कपाट दाखवते, त्याला कुलूप नाही तेही दाखवते. मंडळी थक्क होतात, फोटो काढतात. काही जण तर विचारतही नाहीत, सरळ पडदा उचलून डोकं आत घालतात. मावशीला त्याचंही काही वाटत नाही. ती म्हणते, "पाहुना हाय, बघनारच."

वाटायचं ते तिच्या सुनेला वाटत होतं. मोनिका नगरची, केडगावची. माहेरी तिला स्वतःची खोली होती. लग्न होऊन आली त्या वर्षी एकदा न्हाऊन केस विंचरत बसली होती, तेवढ्यात कुणा पाहुण्यानं पडदा उचलून तिचा फोटो काढला. ती किंचाळली. मावशी म्हणाली, "फोटूच काढला ना, काय नेलं का त्यानं?" मोनिकानं ओले केस तसेच बांधून टाकले. पुढं ती फारसं बोलेनाशीच झाली. दुकानात बसायची, स्वयंपाक करायची, विचारलं तेवढ्याचं उत्तर द्यायची. शिष्ट आहे, असं आम्ही नातेवाइकांनी आपसात ठरवून टाकलं होतं. नातेवाइकांना ठरवायला वेळ लागत नाही.

मग सहादेवनं, म्हणजे मावशीच्या मुलानं, जुन्या घरामागं नवीन घर बांधायला काढलं. स्लॅब पडला, चौकटी बसल्या आणि घोडं अडलं. मोनिका म्हणाली, "दार नसेल तर मी मनवाला घेऊन केडगावला राहीन." मनवा त्यांची मुलगी, पहिलीत जाते. मावशी म्हणाली, "दार बसलं तर त्या घरात माजा पाय लागायचा न्हाई. मी जुन्या घरात एकली ऱ्हाईन." दोघीही बोलल्याप्रमाणं करणाऱ्या. सुतार रोज फोन करायचा आणि सहादेव रोज त्याला उद्या सांगतो म्हणायचा. त्याची अवस्था अडकित्त्यात सापडलेल्या सुपारीसारखी झाली होती.

अशा वेळी शहाणा माणूस वडीलधाऱ्यांना मध्ये घालतो. सहादेवनं रेवदंड्याला समुद्रावर कॉटेज बुक केलं. "दोन-तीन रात्री दारामागं झोपली की आईला सवय होईल," असं तो मला फोनवर म्हणाला. म्हातारीला दाराची सवय लावायला समुद्रावर न्यायचं, हे फक्त सहादेवलाच सुचू शकतं. गाडी माझी होती म्हणून मीही निघालो.

निघताना मावशीनं फळी आडवी लावली, कुंकवाचं बोट देवाच्या दिशेनं केलं आणि गाडीत बसली. झालं घर बंद. मी मात्र नगरहून निघताना कुलूप ओढून बघितलं होतं, खाली आल्यावर शंका आली म्हणून परत वर जाऊन ओढलं होतं.

रेवदंडा हे एवढंसं गाव आहे. पोर्तुगिजांच्या किल्ल्याची पडकी तटबंदी गावाला कवेत घेऊन बसलेली, आत नारळी-पोफळीच्या वाड्या आणि तटाला पडलेल्या खिंडारातून पलीकडं गेलं की काळसर वाळू आणि समुद्र. आमचं कॉटेज अशाच एका वाडीत होतं. कौलारू, पुढं पडवी, आत दोन खोल्या. वाडीवाल्या काकूंनी किल्ली दिली, तिला करवंटीचा तुकडा बांधलेला. ठरल्याप्रमाणं सहादेवनं ती आईच्या हातात ठेवली. "आई, किल्ली तुझ्याकडं."

मावशीनं ती उलटसुलट करून बघितली आणि कमरेला खोचली.

संध्याकाळी आम्ही सगळे समुद्रावर निघालो. "आई, कुलूप लाव गं," सहादेव पुढून ओरडला. मावशी मागं राहिली, खटका वाजला, ती आली. अंधार पडायच्या आत परतलो, तर दार सताड उघडं. कुलूप मात्र नीट बंद होऊन कोयंड्यात लोंबत होतं. मावशीनं कडी लावलीच नव्हती. नुसत्या कोयंड्यात कुलूप अडकवून दाबलं होतं आणि किल्ली शेजारच्या खिळ्याला टांगली होती, कुणाला लागली तर असू द्यावी म्हणून. आत सहादेवच्या गादीवर वाडीतलं पिवळं कुत्रं झोपलं होतं. येताना वाटेत घेतलेली चिक्की त्यानं कागदासकट संपवली होती.

"अगं आई, ही कसली पद्धत?"

"कुलूप हाय हे लांबून दिसतंय की," मावशी म्हणाली. "चोराला कळाया आनिक काय पायजे?"

मोनिका हसली. मी तिला अशी हसताना पहिल्यांदाच बघत होतो.

वाडीवाल्या काकूंना मावशीनं आपल्या गावची सगळी हकिकत सांगितली. काकूंचा विश्वास बसेना. "अहो, पण चोर नसला तरी माणसं असतात ना," त्या म्हणाल्या. मावशीला या बोलण्याचा अर्थच लागला नाही. रात्री दार लावल्यावर तिनं थोडा वेळ दम धरला, मग "कोंडल्यागत हुतंय" म्हणत गादी ओढत पडवीत नेली आणि तिथं ढाराढूर झोपली. सहादेवचा बेत पहिल्याच रात्री बाराच्या भावात गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहादेव मनवाला घेऊन किल्ला बघायला गेला. मोनिका डोकं दुखतंय म्हणून थांबली. मावशी आणि मी तटाच्या खिंडारातून वाळूवर उतरलो, पण वाळूत तिचे गुडघे बोलायला लागले. समुद्राला हात जोडून ती म्हणाली, "लई हाय रं पानी. ह्यातलं निम्मं आपल्याकडं द्यायचं हुतं." आणि आम्ही मागं फिरलो.

पडवीत आल्यावर मावशीनं दार ढकललं. उघडलं नाही. तिनं पुन्हा ढकललं.

"लाकूड फुगलंय वाटतं," असं म्हणून तिनं खांदा लावला. हाक मारता मारताच आत शिरायची तिची सवय. हाकेचं उत्तर येईपर्यंत थांबायची वेळ तिच्यावर आयुष्यात आली नव्हती.

"मावशी, आतून कडी लावलीय," मी म्हणालो.

"कडी? मी भायेर असताना?"

तिचा चेहरा पडला. मी तिच्याकडं बघायचं टाळलं. सासरी येऊन पन्नास वर्षं होत आली, तिच्यावर कुणी दार लावलं नव्हतं. आणि पहिलं लावलं ते घरच्या सुनेनं. ती पायरीवर बसली, पदरानं तोंड पुसलं आणि समोरच्या पोफळीकडं बघत राहिली. "बघितलंस ना?" ती म्हणाली. "म्हनून दार नको. एक डाव लागलं की मानूस भायेरचा हुतो."

मी तिच्याशेजारी पायरीवर टेकलो. आणि तेवढ्यात आतून गाणं ऐकू आलं.

आधी वाटलं, मोबाईल असेल. पण मध्येच आवाज अडला, तीच ओळ पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. मोनिका गात होती. कुठलं गाणं ते मला ओळखता आलं नाही, शाळा-कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये म्हणतात तसलं काहीतरी. आवाज मोकळा होता, स्वच्छ होता. मध्ये एक तान चुकली, तेव्हा ती स्वतःशीच हसली आणि परत लागली गायला. डोकंबिकं काही दुखत नव्हतं. तिला फक्त बंद खोली हवी होती.

मावशीनं माझ्याकडं बघितलं. "ही गाती?"

"मला काय माहीत मावशी? तुझी सून."

"घरात कदी तोंड उघडलं न्हाई तिनं," मावशी म्हणाली. ते मोठ्यानं म्हटलं गेलं असं वाटून तिनं लगेच तोंडावर हात ठेवला.

वाडीवाल्या काकू पाण्याची कळशी घेऊन आल्या. आम्हाला बाहेर बसलेलं बघून म्हणाल्या, "अगो बाई, अडकलात होय बाहेर? थांबा, ठोठावते."

मावशी गुडघे विसरून उठली आणि तिनं काकूंचा हातच धरला. "नगं, नगं. गाऊ द्या तिला."

काकू चक्रावून निघून गेल्या. आम्ही बसून राहिलो. आत एक गाणं संपून दुसरं सुरू झालं. बऱ्याच वेळानं मावशी हळू आवाजात बोलायला लागली. ती मूळची वैजापूरकडची, माहेरी जाडजूड दार होतं. लग्न होऊन आली तेव्हा घराच्या चौकटीला पडदासुद्धा नव्हता. रस्त्यावरून जाणारा येणारा सरळ चुलीपर्यंत बघायचा. नव्या नवरीला घास गिळवेना. ती भिंतीकडं तोंड करून जेवायची. सासूनं चार दिवस बघितलं, आणि पाचव्या दिवशी स्वतःचं लुगडं चौकटीला बांधलं.

"तवा लोक नावं ठिवायचे," मावशी म्हणाली. "म्हनायचे, देवाच्या गावात आडोसा कशाला पायजे? सासू म्हनली, देवाला न्हाई, पोरीला पायजे." तिनं बंद दाराकडं बघितलं. "मी काय केलं रं? पाहुना आला की पडदा मीच वर करून दावती."

हे बोलताना तिचे डोळे भरून आले होते. मलाही वाईट वाटलं, आणि मोनिकाला शिष्ट ठरवण्यात मी काही मागं नव्हतो हेही आठवलं.

गाणं थांबलं, कडी वाजली. मोनिका दारात आली आणि आम्हाला बघून तिचा चेहरा चोरी पकडल्यासारखा झाला. "आई! तुम्ही कधी आलात? हाक मारायची ना."

"ह्या आत्ताच टेकलो," मावशी म्हणाली. "डोकं ऱ्हायलं का?"

"राहिलं."

"मग च्या टाक. आन् उद्याच्याला पन पड जरा आतल्या खोलीत. आमी जातो समुद्रावर."

मावशी उरलेले दोन्ही दिवस सकाळी समुद्रावर गेली. गुडघे दुखत असताना गेली, वाळूत बसून राहिली आणि मी परत चल म्हटलं तरी उठेना. सहादेवला वाटलं, आईला समुद्र आवडला.

परतीच्या वाटेवर घाट चढून गाडी वर आली, तेव्हा मागच्या सीटवरून मावशी म्हणाली, "सहादेव, सुताराला फोन लाव."

सहादेवनं घाईघाईनं लावला आणि स्पीकरवर टाकला.

"हे बघ," मावशी फोनमध्ये ओरडून म्हणाली, कारण फोनमध्ये ओरडावंच लागतं अशी तिची समजूत आहे. "म्होरल्या चौकटीला काय नगं. तितं पडदाच ऱ्हाईल. आतल्या खोलीला दार बसव. चांगलं जाड बसव, आवाज भायेर जाया नगं. कडी आतून. भायेरून कडी बी नगं आन् कोयंडा बी नगं."

"मावशी, मग कुलूप कसं लावणार?" सुतारानं विचारलं.

"कुलूप लावायचंय कोनाला?"

फोन ठेवल्यावर सहादेव माझ्याकडं बघून हसला. डोळ्यांनीच म्हणाला, बघ, झाली की नाही सवय! मी आरशातून मागं बघितलं. मोनिका खिडकीबाहेर बघत होती. थोड्या वेळानं तिनं झोपलेल्या मनवाचं डोकं आपल्या मांडीवरून उचलून मावशीच्या मांडीवर ठेवलं आणि मावशीनं पदर पसरून ते घेतलं.

घरी पोचलो तर फळी होती तशीच होती. मावशी आधी देवाला जाऊन आली. तिथं ती काय बोलली ते मी विचारलं नाही, पण येताना नेहमीसारखीच चालत आली.

दिवाळीत घरभरणी झाली. मी गेलो, तेव्हा मावशी नव्या घराच्या उंबऱ्याशेजारी बसून हार ओवत होती. तेवढ्यात बाहेरगावची एक गाडी थांबली. चार-पाच मंडळी उतरली, नेहमीचा प्रश्न झाला आणि एकानं उत्तराची वाट न बघता पडदा उचलून आत पाऊल टाकलं. मोबाईल काढून तो दोन पावलं गेला आणि थबकला. समोर आतल्या खोलीचं दार होतं. सागवानी, नवंकोरं, बंद.

"अहो मावशी," तो म्हणाला, "तुमच्या गावात तर दारं नसतात ना? मग हे कशाला?"

मावशीनं हातातलं रुईचं पान ओवलं आणि वर बघितलं.

"चोरासाठी न्हाई बाबा ते. चोर हितं येतच न्हाई," ती म्हणाली. "ते तुमच्यासाठी हाय."