जर्मन साहेब आणि आत्याचे रोडगे

माझ्या जर्मन भाषेच्या ज्ञानामुळे अकोल्यातली एक जिनिंग फॅक्टरी दोन दिवस बंद राहिली.

साठ-एकसष्ट सालची गोष्ट. हे ज्ञान रद्दीतून आणलेल्या एका पुस्तकातलं. सहाव्या धड्यापुढचं पुस्तक वाळवीने खाल्लं होतं, त्यामुळे माझं जर्मनही तिथेच संपत होतं! पण तो सहावा धडा फार गोड. 'पाहिजे', 'शकणे' अशा अर्थाचं एक क्रियापद घ्यायचं आणि दुसरं मूळ रूपात वाक्याच्या शेवटी ठेवून द्यायचं. एरवी त्याच्याआधी 'त्सु' नावाचा एक लुडबुड्या शब्द लागतो. इथे तोही नाही. लाजाळू मुलीला आणखी काय हवं?

बाबा त्या फॅक्टरीत हेडक्लार्क. रुई दाबून तिच्या गासड्या बांधायचं नवं यंत्र जर्मनीहून आलं, सोबत ते सुरू करून द्यायला इंग्रजीचा गंधही नसलेला एक जर्मन साहेब आला आणि बाबा सेठजींना सांगून मोकळे झाले, "आमची पोरगी बोलते नं जर्मन! जेवायले घरीच आनतो त्याईले. चार वाजता साहेब यंत्रापाशी हजर, जबाबदारी माझी."

फॅक्टरीच्या फाटकाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती. घरात आत्या गोवऱ्यांवर भाजलेले, तुपात बुडवलेले कणकेचे रोडगे वाढत होती. दोन रोडग्यांवर साहेबांनी हात आडवा केला.

"काहून थांबला हा?" आत्या म्हणाली. "त्याले म्हन, लाजू नका, अजून घ्या."

'लाजू नका' सहाव्या धड्यात नव्हतं. मी जमिनीकडे बघत पुटपुटले, "झी म्युसन एसन." (तुम्ही खाल्लंच पाहिजे.)

साहेब दचकले. त्यांनी बाबांकडे पाहिलं. बाबांनी गंभीरपणे मान डोलावली. साहेबांनी तिसरा रोडगा खाल्ला.

"पाह्य! पोटात जागा होती का नाई?" आत्याला चेव आला.

आमच्याकडे पाहुण्याने तीनदा 'नको' म्हणायचं आणि आपण चौथ्यांदा वाढायचं, ही रीत. साहेबांना तो सरकारी कायदा वाटला! चौथा. पाचवा. "झी म्युसन एसन!" माझा आवाज चढत चालला. (जन्मात प्रथमच कोणीतरी माझं ऐकत होतं!)

सातव्या रोडग्यानंतर साहेब क्षीणपणे म्हणाले, "इश कान निश्ट आर्बाइटन," आणि चटईवर आडवे झाले.

नेमके तेव्हाच सेठजी यंत्राच्या पूजेचा नारळ घेऊन दारात आले. "क्या बोले साहेब?"

मला शब्दन् शब्द समजला होता! "'मी काम करू शकत नाही' म्हणाले!" मी आनंदाने ओरडले. "आणि किती शुद्ध! 'त्सु' न लावता!"

सेठजी नारळाकडे बघत राहिले. "अन् थ्या गाड्यावाल्याईले मी काय सांगू? त्सु?"

बाबांनी डोळे मिटून घेतले.

दोन दिवस ओव्याच्या पाण्यावर काढून साहेब तिसऱ्या दिवशी यंत्रापाशी पोचले.

पुढच्या वर्षी ते दुरुस्तीसाठी पुन्हा आले, तेव्हा सेठजींनी खास माझ्यासाठी मोटार पाठवली! मी पावडर लावली, पुस्तक घेतलं, ऐटीत मागे बसले. मोटार फॅक्टरीपुढून वेग कमी न करता निघून गेली आणि थांबली ती थेट बार्शीटाकळीला, माझ्या मावशीच्या दारात!

"सेठजीनं सांगतलं हाय," ड्रायव्हर अदबीने दार उघडत म्हणाला, "साहेब जाईपर्यंत बाईनं इथंच राहावं."