चिमाकाकीची मुकी गौर

चिमाकाकी गप्प बसलेली कुणी पाहिली असेल तर ती झोपेत असणार, आणि सदूकाकांचं म्हणणं असं की झोपेतही खात्री देता येत नाही. ती म्हशीशी बोले, चुलीशी बोले, एसटी चुकली तर निघून गेलेल्या एसटीशीही बोले. सदूकाका, म्हणजे तिचे यजमान, दिवसाला दहा शब्द खर्च करत आणि त्यातले दोन म्हशीवर. मुलगा विनोद कामाला मुंबईत. मग घरातलं सगळं बोलणं एकटीच्या अंगावर पडलं, आणि ते तिने चोवीस वर्षं बिनतक्रार निभावलं.

फक्त वर्षातून एक दिवस तिची फजिती ठरलेली. त्यांच्या वाडीत गौर तेरड्याची. फुललेली रोपं मुळांसकट उपटायची, पाणवठ्यावर धुवायची, हळदीच्या पानात गुंडाळून हातावर घ्यायची, तोंडात पाण्याची चूळ भरायची आणि आपल्या तुळशीपर्यंत मुक्याने यायचं. वाटेत चूळ सुटली की पुन्हा पाणवठ्यावर. वाडीची विहीर घरापासून पाच मिनिटांवर, तरी चिमाकाकीची गौर एका खेपेत कधी घरी आली नव्हती. एका वर्षी कुणाचं वासरू भातात शिरलेलं दिसलं. एका वर्षी पोस्टमन दिसला आणि त्याच्या आईचा गुडघा आठवला. अठ्ठ्याण्णव साली तीन खेपा झाल्या. दुसरी चूळ तर, आता मुळीच बोलणार नाही, हे सांगण्यातच गेली.

२००१ साली गणपती लवकर आले, ऑगस्टातच. बांधावरचा तेरडा अजून नुसता पाल्यात होता, फुलाचा पत्ता नाही. वाडीतल्या जुन्या जाणत्या यमुनाबाई म्हणाल्या, नदी जिथे कातळ चिरून खाली उतरते त्या घळीत तेरडा आधी फुलतो, यंदा गौर तिथून आणा. घळीतून वर यायला अर्धा तास, तोही उभा चढ. बायकांनी लगेच चिमाकाकीकडे पाहिलं. एकीने तर तिला रात्रीचं जेवण बरोबर बांधून न्यायला सांगितलं.

एरवी चिमाकाकीने दहा उत्तरं दिली असती. पण तिचा जीव दुसरीकडेच अडकला होता. मे महिन्यात विनोदचं लग्न झालं होतं. सून निशिगंधा, मुंबईत वाढलेली, पहिल्या गणपतीला घरी आली होती. कामाला चांगली, हसायची गोड, पण बोलायची नाही. हो, नको, बरं, या तीन शब्दांवर तिने चार दिवस काढले होते. चिमाकाकीने जीव तोडून प्रयत्न केले. फणस किती साली लावला ते सांगितलं, विनोदच्या लहानपणीच्या खोड्या सांगितल्या, विहिरीत पडलेल्या कोंबडीची हकीकत तर दोनदा सांगितली. निशिगंधा ऐकत राही. विसर्जन झालं की दोघं मुंबईला परतणार होती. पोरीला आपण आवडलो नाही, घर आवडलं नाही, आता ती पुन्हा येणार नाही, या विचाराने चिमाकाकीला मनातून रडू येत होतं. घरात दुसरं कुणीतरी बोलणारं यावं, एवढंच तर तिला हवं होतं.

गौरीच्या दुपारी बायकांची रांग घळीत उतरली. निशिगंधा हातात घंटा घेऊन सासूच्या मागे. उतरताना वाटेतली रानफुलं दाखवत चिमाकाकीचं तोंड चालूच होतं. ही कळलावी, ही भारंगी, हा चवर, ते निळं इवलंसं ती आभाळी, हात लावशील तर मिटेल. आणि मग वळणावरून खालची घळ दिसली. दोन्ही बाजूंचे काळे कातळ तेरड्याने गुलाबी झाले होते. जिथे बोटभर माती तिथे रोप, आणि रोपाला खालपासून वरपर्यंत फुलं. मधून नदी तांबडं पाणी घेऊन धावत होती. चिमाकाकी जन्मभर इथली, पण तिलाही आनंदाने भरून आलं. निशिगंधा नुसती बघत उभी राहिली.

रोपं धुतली, पानात गुंडाळली. चिमाकाकीने चूळ भरली, गाल टम्म फुगवले आणि चढ धरला. बाकीच्या बायका पुढे निघून गेल्या. मागे घंटेची किणकिण आणि नदीचा आवाज, बस्स.

पाचव्या मिनिटाला मागून आवाज आला.

"आई, तेरडा आमच्याकडे पण होता."

चिमाकाकीची चूळ तिथेच सुटायची. चार दिवसांत पोरीने तिला पहिल्यांदा आई म्हटलं होतं. कुठे होता, कसा होता, कुणी लावला, सगळे प्रश्न एकदम ओठांवर आले आणि पाण्याला धडकून परत गेले.

निशिगंधा सांगू लागली. भांडुपची खोली, खिडकीला गज, गजाबाहेर डालड्याचा डबा. वडिलांनी गावाहून पिशवीभर माती आणली होती, त्या मातीतून आपोआप एक रोप उगवलं. आठ वर्षांची निशिगंधा शाळेत जाताना त्याला सांगून जायची आणि आली की सगळी हकीकत सांगायची. घरात तिच्याहून मोठी चार भावंडं, तिला मधे बोलायला सापडतच नसे.

मग जरा थांबून ती म्हणाली, "तुमच्या गोष्टी मला फार आवडतात. मी मधे बोलले तर तुमची गोष्ट तुटेल, म्हणून थांबते. पण तुमची संपतच नाही."

चिमाकाकी चढावर उभी राहिली. चार दिवस आपण पोरीसाठी दार उघडत होतो की दार अडवून उभे होतो, हे तिचं तिलाच कळेना. हसू आलं असतं तर चूळ गेली असती, रडू आलं असतं तरी गेली असती. तिने नाकाने मोठा श्वास घेतला आणि पाऊल उचललं. आता ती गौरीसाठी गप्प नव्हती. आपण तोंड उघडलं तर ही पुन्हा मिटेल, याची तिला भीती होती.

वाटेत यमुनाबाईंची शेळी भातात शिरलेली दिसली. चिमाकाकी पुढे गेली. बांधावर पोस्टमन भेटला, त्याने हाक मारली. चिमाकाकी पुढे गेली. पोस्टमन घाबरून बघत राहिला.

"फुलं येऊन दोनच दिवस झाले होते," निशिगंधा सांगत होती, "आणि मी शाळेतून आले, तर गजाबाहेर डबाच नाही."

तेवढ्यात अंगण आलं. दारात सदूकाका, विनोद, आणि चिमाकाकी किती खेपा घालते ते मोजायला जमलेली वाडी. सगळे थक्क. पहिल्याच खेपेला, अर्ध्या तासाचा चढ चढून, चूळ शाबूत. चिमाकाकीने तुळशीपाशी पाणी टाकलं. आता अर्ध्या तासाचं साठलेलं बाहेर पडणार म्हणून सगळे सरसावून उभे राहिले.

चिमाकाकी सुनेकडे वळली.

"मंग? त्या डब्याचा फुडं काय झाला गो बाय?"

एवढंच बोलून ती गप्प झाली.

निशिगंधाने एवढ्या माणसांकडे पाहिलं, जरा लाजली, मग हसू आवरत म्हणाली, "शेजारच्या काकूंना तेरडा मिळाला नव्हता. त्यांनी गौर म्हणून नेला होता, डब्यासकट. मी रडत त्यांच्याकडे गेले, तर माझ्या डब्याला हार घातलेला आणि पुढ्यात घावन-घाटल्याचा नैवेद्य."

अंगणात हशा पिकला. यमुनाबाईंनी डोळ्यांना पदर लावला. पण चिमाकाकीला तेवढ्याने पुरेना. तिने विचारलं, मग डबा परत दिला का, आणि निशिगंधाने तेही सांगितलं, आणि काकूंचंही सांगितलं, आणि काकूंच्या मुलीचं लग्न कुठे झालं तेसुद्धा. उंबऱ्यापासून आतपर्यंत कुंकवाची पावलं काढून ठेवलेली, गौर चिमाकाकीच्या हातावर तशीच, आणि सासू-सून तुळशीपाशी उभ्या.

"आदी गौरीला घरात घ्या गो," सदूकाका म्हणाले, आणि त्यांचे त्या दिवसाचे निम्मे शब्द तिथेच संपले.