चालून दाखवलेली चार पावलं

मावशी मूळची विणकर. माग गावातच राहिला, आणि गाव आता नुसतं नावाला उरलंय. इथे निर्वासितांच्या छावणीत तिला सहा दिवसांचं शिक्षण मिळालं, तेव्हापासून ती घरोघरी जाऊन अधू मुलांकडून व्यायाम करून घ्यायची. तोंडाचा पट्टा अखंड चालू. कोणी मूल पडद्याआड लपवलं की आईलाच दटावायची, "चोरीचा माल आहे का गं? आण बाहेर!" मी सुतार. तंबूंच्या मोडक्या खांबांतून तिला आधाराचे दांडे करून द्यायचो.

पलीकडच्या रांगेतल्या शिलाईवालीची मुलगी नऊ वर्षांची, पाय जन्मापासून आखडलेले. छावणीत मदत करणाऱ्या संस्थेने तिला चाकाची खुर्ची दिली होती. शाळा टेकाडापलीकडे, त्या खुर्चीवरच ती जायची. मावशीने दोन वर्षं रोज तिचे पाय ताणले. पोर रडायची आणि तिला रागावता रागावता मावशीही रडायची. शेवटी पोर माझ्या दांड्यांना धरून उभी राहिली. मग दांडे सोडून चार पावलं चालली.

संस्थेचे तपासणीचे साहेब आले तेव्हा मावशीला कोण आनंद! "साहेब, बघाच," म्हणत तिने पोरीला दारापासून खाटेपर्यंत चालवलं. आम्ही टाळ्या वाजवल्या. मीसुद्धा, गाढवासारख्या. साहेबांनीही वाजवल्या आणि यादीत लिहिलं, 'चालू शकते.' आठवड्याने खुर्ची उचलून नेली. चालणाऱ्याला खुर्ची नाही, असा नियम. खुर्च्या कमी, गरजू फार, हे मलाही कळतं. पण चार पावलांवर शाळा असते का कुठे? करायला गेलो काय आणि वर झाले पाय!

मावशीने कार्यालयात पाच खेटे घातले. दर वेळी एकच प्रश्न, "चालते की नाही, तेवढं सांगा." खोटं तिच्या तोंडून निघेना. शिलाईवाली भांडली नाही. मावशी दिसली की फक्त दार लोटून घ्यायची. मला त्या बाईचा राग येतो, आणि येतही नाही.

परवा आम्ही दोघं गेलो, तर आई घरात नव्हती. पोरीनेच जमिनीवरून सरकत येऊन दार उघडलं. मावशीने तिचे पाय मांडीवर घेतले. गुडघे पुन्हा आखडायला लागले होते.

पोरीने हळूच विचारलं, "मावशी, त्या दिवशी मी पडले असते तर बरं झालं असतं ना?"

मावशीने माझ्याकडे पाहिलं. मग तिने पोरीला जवळ ओढलं आणि म्हणाली, "हो गं बाळा."