डाव्या कानाची तक्रार

कुणी एखाद्या वस्तूचं फार कौतुक करायला लागलं की माझा हात आपोआप खिशावर जातो. त्यामुळे बेळगावहून दाजींचा फोन आला, की रविवारी या, कानात घालायची एक वस्तू आणलीय, गाणं म्हणजे काय ते कळेल, तेव्हा मी निपाणीहून बसमध्ये चढलो तो ऐकायला नव्हे, बिंग फोडायला. संकेश्वरपर्यंत मी मनात प्रश्न तयार केले आणि पुढे ते विचारताना चेहरा कसा ठेवायचा याची तालीम केली.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत कास्टिंग तपासतात. ओतून थंड झालेला लोखंडी भाग साखळीला टांगायचा, हातोडीने एक ठोका द्यायचा आणि डावा कान जवळ नेऊन ऐकायचं. खणखणीत वाजला तर खडूची खूण. बद्द वाजला तर आत चीर आहे, माल बाद. बाजारात बायका मडकं वाजवून घेतात तीच ही विद्या. दाजींचं घर पंचवीस वर्षं त्या कानावर चाललं होतं. पण अलीकडे मालक ठोका ऐकणारं मशीन आणायचं बोलत होते, आणि तेव्हापासून घरात तांब्या पडला तरी तो चिरला की नाही हे दाजी आतल्या खोलीतून सांगायचे.

वस्तू निघाली इन-इअर मॉनिटर. गाणारी मंडळी स्टेजवर कानात घालतात तसली. धातूच्या दोन गोळ्या, पुढे मऊ रबरी टोपी, मागे केसांच्या वेणीसारखी वायर. दाजींनी ती डबीतून अशी काढली, जणू टाक देव्हाऱ्यातून खाली उतरवतायत. मी डोळे मिटून घेतले. तल्लीन झालो म्हणून नव्हे, डोळ्यांतला संशय दिसू नये म्हणून.

खरं सांगतो, मी हरलो. भजनाचं रेकॉर्डिंग होतं. साध्या इअरफोनमध्ये पखवाज सगळ्यांच्या मांडीवर येऊन बसतो. इथे तो आपल्या जागेवरून वाजत होता. थाप पडायची आणि संपायची, मागे गुरगुर नाही. गाणाऱ्या बाईंचा आवाज इतरांच्या अर्धं पाऊल पुढे ठेवलेला. ओळ सुरू करण्यापूर्वी त्यांनी घेतलेला श्वासही ऐकू आला, आणि चोरून ऐकल्यासारखं वाटून मी ओशाळलो. झांजा तेवढ्या जरा जास्त चकचकीत होत्या, नव्या पत्र्यावर ऊन पडावं तशा. पण हे कबूल कसं करायचं? पाहुण्यांकडचे पोहे खाऊन म्हणतात त्या आवाजात मी म्हटलं, "बरं आहे."

"बरं कुठलं, पावणं? डावं दबकं बोलतंय."

हा म्हणे तिसरा जोड होता. आधीचे दोन दाजींनी याच तक्रारीवर परत पाठवले होते. विकणाऱ्याने बेंगळूरहून मोजमापाचा आलेखच पाठवला होता, डाव्याची आणि उजव्याची रेघ एकीवर एक. दाजींचं म्हणणं, रेघा कुणीही ओढतो. पुरावा म्हणून त्यांनी फौंड्रीतल्या एका चांगल्या कास्टिंगचा ठोका मोबाईलवर लावला. तो डोक्याच्या मधोमध वाजायला हवा, पण उजवीकडे सरकतोय. मी ऐकला. मला तो बरोबर मधोमध वाजला.

झालं, माझ्या संशयाला काम मिळालं. दाजी चष्म्याशिवाय बसले होते. उजव्या गोळीवर लाल आणि डावीवर निळा ठिपका होता, मोहरीएवढा. मी म्हटलं, तुमची घालायची पद्धत चुकतेय, आणि डॉक्टरांचा आव आणून स्वतःच्या हाताने गोळ्या घातल्या, मुद्दाम उलट्या. कुठलं दबकं? डावं. काढल्या, सुलट घातल्या. डावं. पुन्हा उलट्या. डावंच. मला हसू आवरेना. आणि हसता हसता माझ्या ध्यानात आलं की गोळ्या जागा बदलत होत्या, दोष जागा बदलत नव्हता.

एवढ्यात आक्का वाटी घेऊन आली. रविवारी फौंड्रीची धूळ निघावी म्हणून ती दाजींच्या कानात लसूण तळलेलं कोमट खोबरेल घालते, लग्न झाल्यापासून. दाजींनी तिच्या मांडीवर डोकं टेकलं, डावा कान वर. चार थेंब पडले आणि दाजी घोरायला लागले.

मी विचारलं, "आक्का, उजव्यात कधी घालतेस?"

"त्यो कान वर येतोय कवा रं? झोपत्यात की हे."

पंचवीस वर्षांचं तेल आणि धूळ, सगळी एकाच कानात. इतका रंगतदार किस्सा आयुष्यात माझ्या हाती लागला नव्हता. दाजी उठेपर्यंत मी त्याची सुरुवात, शेवट, मधली नक्कल, सगळं जुळवून ठेवलं. पण उठल्या उठल्या त्यांनी "सापडला दोष?" असं इतक्या आशेने विचारलं की माझी नक्कल घशातच राहिली. मी ठिपके दाखवले आणि साध्या शब्दांत सांगितलं.

त्यांनी चष्मा लावला. स्वतः उलटसुलट करून ऐकलं. मग पेल्यावर चमचा वाजवला, उजव्या कानाशी, मग डाव्या कानाशी. आक्का वाटी हातात धरून उभीच.

"ह्या कानानं किती माल पास केला आसंल, पावणं?" दाजी म्हणाले.

सोमवारी कानाच्या डॉक्टरांनी काळा बोळा काढला. दाजी गाणी ऐकायला घरी गेले नाहीत. थेट फौंड्रीत गेले आणि आपल्या खडूच्या खुणेचा, अजून न गेलेला माल उतरवून पुन्हा ठोकला. एक नग बद्द वाजला. खूण अंगठ्याने पुसता आली असती. त्यांनी तो नग खुणेसकट मालकांच्या टेबलावर नेऊन ठेवला, आणि आधी गेलेल्या मालाचंही सांगितलं. मालक काय म्हणाले ते मी तीन वेळा तीन प्रकारे विचारलं. दाजी बोलत नाहीत. ते अजून कामावर जातात आणि मशीन अजून आलेलं नाही. यावरून काही समजावं, इतका भोळा मी नाही.

पण महिन्याभरात ती डबी पार्सलने निपाणीला आली. आता रोज संध्याकाळी मोबाईलवर एकेक ठोका येतो, खाली प्रश्न : खणखणीत का बद्द? मी ठिपके बघून गोळ्या घालतो. या कामाला त्यांचं ट्यूनिंग, म्हणजे आवाजाची बांधणी, उत्तम आहे. ठोक्याची शेपटी पार विरेपर्यंत ऐकू येते. मी उत्तर पाठवतो आणि दाजी आपल्या उत्तराशी ताडून बघतात.

गेल्या आठवड्यापासून मात्र मला एक शंका येतेय. ते अधूनमधून तोच ठोका दुसऱ्यांदा पाठवतात. बहुतेक माझा कान तपासतायत.